ग्वादालूपेला निघताय? आधी पाण्याचं बोलू

दर ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या आमच्या एल पासोत नवी मंडळी येतात. कुणी विद्यापीठात, कुणी नोकरीवर. पंधरा दिवसांत सामान लागतं, गाडी येते आणि मग मला हमखास विचारतात, "ताई, इथे ट्रेकला कुठे जायचं?" इतकी वर्षं मी प्रत्येकाला फोनवर तेच सांगत आलेय. आता एकदाच लिहून ठेवते.

उत्तर आहे ग्वादालूपे माउंटन्स नॅशनल पार्क. आपल्या गावापासून पूर्वेला ११० मैल, दोन तासांच्या आत. शहरातला माँटाना अ‍ॅव्हेन्यू धरून सरळ जात राहिलं की तोच पुढे ६२/१८० नंबरचा हायवे होतो. सपाट, रखरखीत, मैलोन् मैल काही नाही, आणि मग समोर एल कॅपिटानचा उभा कडा दिसायला लागतो. त्याच्या मागेच ग्वादालूपे पीक, ८,७५१ फूट, अख्ख्या टेक्सासमधलं सर्वांत उंच शिखर.

आता खरा मुद्दा. सह्याद्रीत राजगड-तोरणा केलेली मंडळी इथे सर्वांत जास्त फसतात. मी स्वतः फसले होते. आम्ही चौघं होतो, प्रत्येकाकडे एकेक लिटरची बाटली आणि मनात ठाम समजूत की वर कुठेतरी टाकं असेल, नाहीतर कुणी मावशी ताक-लिंबूसरबत घेऊन बसलेली असेल. कुणी नव्हतं. दीड तासात बाटल्या रिकाम्या झाल्या आणि आम्ही गुमान खाली आलो. इथे गडावर वस्ती नाही, वाटेत वाडी नाही, झऱ्याच्या भरवशावर चढायचं नाही. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी पाठीवर घेऊनच निघायचं. जड वाटतं, वाटू द्या. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही, अंगावरच सुकतो. आपल्याकडे शर्ट पिळून निघतो म्हणून पाणी प्यायची आठवण होते, इथे ती आठवण डोकं दुखायला लागल्यावर होते. पाण्याबरोबर मीठही पोटात जायला हवं. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी हे प्रोटीन बारपेक्षा कितीतरी बरं, आणि मी सांगलीची असल्यामुळे भडंग असतंच.

दुसरी गोष्ट उंचीची. पाइन स्प्रिंग्जला जिथे गाडी लावायची, ती जागा साधारण ५,८०० फुटांवर आहे. कळसूबाईचा माथा ५,४०० फूट. म्हणजे पायथाच कळसूबाईच्या वर, आणि तिथून आणखी ३,००० फूट चढायचं. जाऊन-येऊन ८.४ मैल, सहा ते आठ तास. पहिला दीड मैल सर्वांत उभा, तिथेच माणसं हार मानतात. तेवढा धीर धरला तर पुढे पाइनची झाडं आणि सावली लागते. एक खोटं शिखर येतं, तिथे "आलोच की" म्हणून ओरडू नका, अजून बरंच आहे. खऱ्या माथ्यावर स्टीलचा एक तिकोनी पिरॅमिड उभा आहे. जुन्या बटरफील्ड टपालगाड्यांच्या शताब्दीनिमित्त १९५८ साली एका विमान कंपनीनं तो बसवला. येताना मान वर करून पाहिलेला एल कॅपिटान आता तुमच्या पायाखाली असतो, आणि पश्चिमेला मिठाचं पांढरं सपाट मैदान चमकत असतं.

हा डोंगर मुळात समुद्रातला आहे, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आपला सह्याद्री लाव्ह्याचा, काळ्या पाषाणाचा. हा चुनखडीचा. साधारण २६ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता आणि त्यात स्पंज आणि शेवाळासारख्या जीवांनी रचलेली एक लांबलचक भिंत होती. ती गाडली गेली, मग वर उचलली गेली. दगडात शिंपले-स्पंज दिसतात, पोरांना दाखवा, पण खिशात टाकू देऊ नका. नॅशनल पार्कमधून दगड उचलणंही गुन्हा आहे.

वाऱ्याला मात्र मी घाबरते. हिवाळ्याच्या शेवटापासून एप्रिल-मेपर्यंत खिंडीतून असा वारा सुटतो की ताशी साठ-सत्तर मैलांच्या झोतांचं कुणाला नवल वाटत नाही. एका मार्चमध्ये आमचा तंबू खुंट्यांसकट शेजाऱ्यांच्या गाडीवर जाऊन बसला. निघायच्या आदल्या रात्री शहराचं नव्हे, पार्कचं हवामान बघा. वाऱ्याची सूचना असेल तर शिखराचा हट्ट सोडा. जुलै ते सप्टेंबर दुपारचे ढग जमतात आणि विजा पडतात, तेव्हा पहाटे निघून दुपारच्या आत खाली यायचं.

आमच्या घरचा आवडता महिना विचाराल तर ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पार्कच्या दुसऱ्या अंगाला मॅकिट्रिक कॅन्यन आहे. वाळवंटाच्या मधोमध एक झुळझुळ ओढा आणि त्याच्या काठी मेपलची झाडं, त्या दिवसांत लालभडक. टेक्सासमध्ये असं काही दिसेल यावर कुणी विश्वास ठेवत नाही. वाट बरीचशी सपाट आहे. २.४ मैलांवर वॉलेस प्रॅट यांची दगडी केबिन लागते. हे प्रॅट तेल कंपनीचे भूगर्भतज्ज्ञ. या दरीच्या प्रेमात पडून त्यांनी ती विकत घेतली, आणि पुढे सुमारे ५,६०० एकर जमीन सरकारला देऊन टाकली. त्यातूनच १९७२ साली हे पार्क उभं राहिलं. ओढ्यात पाय बुडवायला मनाई आहे. कोकणातल्या माणसाला हे फार जड जातं, पण खरंच बुडवू नका. इथलं फाटक सकाळी उघडतं आणि संध्याकाळी बंद होतं, मुक्काम नाही. रंगांच्या दिवसांत शनिवार-रविवारी पार्किंग भरतं, म्हणून आठच्या ठोक्याला हजर राहा, नाहीतर मधला वार बघा.

भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांना शिखराचं नावही सांगू नका. पाइन स्प्रिंग्जहून जाऊन-येऊन पाऊण मैलाची पक्की पायवाट बटरफील्ड टपालगाड्यांच्या १८५८च्या ठाण्याच्या पडक्या भिंतींपर्यंत जाते, तेवढी पुरते. गुडघे बरे असतील तर फ्रिहोले रँचवरून स्मिथ स्प्रिंगचा २.३ मैलांचा फेरा. दुसऱ्या दिवशी पुढे न्यू मेक्सिकोत कार्ल्सबॅडच्या गुहा. त्या याच समुद्री भिंतीच्या पोटात आहेत आणि लिफ्ट तुम्हाला ७५० फूट खाली नेते. त्यासाठी वेळेचं आरक्षण आधी ऑनलाइन करावं लागतं.

पैशांचं थोडक्यात. प्रवेश माणशी १० डॉलर, सात दिवस चालतो, पंधरा वर्षांपर्यंतची मुलं फुकट. वार्षिक पास असेल तर पासवाल्याबरोबर आणखी तीन मोठी माणसं जातात. बासष्टच्या पुढच्यांना मिळणारा स्वस्त पास फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या बाबांसाठी खिडकीवर वाद घालू नका, मी घालून बघितलाय.

आणि कागदपत्रं! या हायवेवर बॉर्डर पॅट्रोलचं, म्हणजे सीमेच्या गस्ती पोलिसांचं, चेकपॉइंट आहे, कधी चालू, कधी बंद. मूळ पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) छापून, विद्यार्थी असाल तर आय-२० (विद्यापीठानं दिलेला व्हिसाचा कागद), ग्रीनकार्ड असेल तर ते, सगळं गाडीत हवं. मोबाइलमधला फोटो दाखवून वेळ मारून नेऊ म्हणाल तर तासभर उन्हात उभे राहाल. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसानं ही कागदपत्रं जवळ बाळगावीत असा कायदाच आहे. घाबरायचं काही नाही. विचारतात, बघतात, जा म्हणतात.

पेट्रोल, इथल्या भाषेत गॅस, एल पासोतच पूर्ण भरा. पार्कमध्ये पंप नाही, हॉटेल नाही, खाणावळ नाही. कुठल्याही दिशेला निघालात तरी पस्तीस मैल तरी जावं लागतं. तंबूत राहणार असाल तर लाकूड आणि कोळसा दोन्हीला बंदी आहे, फक्त गॅसची शेगडी. चुलीवरच्या वांग्याच्या भरताचे बेत रद्द. फोनला रेंज असेलच असं नाही, नकाशा आधी उतरवून घ्या. डॅलस-ऑस्टिनहून पाहुणे येणार असतील तर त्यांना सांगा की पार्कचं घड्याळ त्यांच्या एक तास मागे, आपल्यासारखंच. आणि पिशवीत एक साधा कंगवा टाका. चोया निवडुंगाचा गोळा पायाला चिकटला की हातानं काढू नये, कंगव्यानं उडवावा.

परतताना अंधार झाला तर हळू चालवा, हरणं अचानक आडवी येतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही मॅकिट्रिकला जातोच. पहाटे साडेपाचला निघतो, गाडीत बहुतेक दोन जागा असतात. भडंग मी आणते, पाणी ज्याचं त्यानं आणायचं.