दूध संघाची कामगिरी मोजताना या चुका टाळा

नफा-तोटा पत्रकापलीकडे जाऊन दूध संघाची कामगिरी मोजायची ठरले, की नव्या अधिकाऱ्याचा पहिला उद्योग म्हणजे कुठून तरी तयार एक्सेल तक्ता मिळवून त्यात चाळीस निर्देशांक भरणे. कॅप्लन आणि नॉर्टन या व्यवस्थापन तज्ज्ञांनी 1992 मध्ये ‘बॅलन्स्ड स्कोअरकार्ड’ (पैसा, ग्राहक, अंतर्गत कामकाज आणि शिकणे-वाढ अशा चार बाजूंनी कामगिरी मोजण्याची पद्धत) मांडला तो मोजक्या मापांनी संस्था चारही बाजूंनी पाहता यावी म्हणून, रकाने भरण्यासाठी नव्हे. मी सातच्या वर निर्देशांक ठेवत नाही.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे जो आकडा ज्याच्या हातात, त्यावरच त्याचे बक्षीस ठरवणे. ती मी स्वतः केली आहे. एका संघात ‘आंबट दुधाचे प्रमाण’ हा निर्देशांक मीच सुचवला आणि ते सर्वांत कमी राखणाऱ्या गावच्या दूध संस्थेच्या सचिवाला बक्षीस लावले. ऐन मे महिन्यात एका संस्थेचे प्रमाण शून्यावर आले. बैठकीत टाळ्या पडल्या, मला मात्र ते पटेना. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला संकलन केंद्राच्या पायरीवर जाऊन बसलो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने किटली पुढे केली, सचिवाने झाकण उघडून वास घेतला आणि “बाबा, आज राहू द्या,” म्हणत ती परत दिली. वजन नाही, फॅट नाही, नोंद नाही. जे दूध काट्यावर चढलेच नाही, ते आंबट ठरणार कसे? त्या सकाळी अकरा किटल्या परत गेल्या, आणि त्या शेतकऱ्यांतले तिघे पुढच्या आठवड्यापासून खासगी डेअरीला दूध घालू लागले.

तेव्हापासून मी या आकड्याशेजारी दुधाच्या पगाराच्या, म्हणजे सभासदांना दिल्या जाणाऱ्या दुधाच्या पैशांच्या, त्या दहा दिवसांत प्रत्यक्ष दूध घातलेल्या सभासदांची संख्या ठेवतो, कारण ती त्या पगाराच्या पत्रकातून येते आणि तिथे कोणाला लपवता येत नाही. शिवाय महिन्यातली एक पहाट केंद्रावर काढतो. सॉफ्टवेअरमध्ये सगळे दिसते म्हणणाऱ्यांना ही सवय जुनाट वाटते, तर वाटो.

संघाच्या गायीच्या दुधाची सरासरी 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये. मी तळाच्या दहा संस्था आधी वाचतो. वार्षिक सभेला जेवणाच्या रांगेत भरून घेतलेले समाधानाचे अर्ज सरळ रद्दीत टाकावेत.

दुधाचा पगार वेळेवर झाला का, हे ठरवताना संघाने रक्कम सोडल्याची तारीख धरतात. मी सभासदाच्या पासबुकावरची धरतो, आणि त्या दोन तारखांत चार-चार दिवसांचे अंतर पाहिले आहे.