रीच आणि थ्रोन शस्त्रं: पटावर नियम नेमके कसे लावायचे

छोटी कुऱ्हाड हातातून फेकली तरी ती मेली (हातात धरून मारायचं) शस्त्रच राहते, पण तिने केलेला हल्ला रेंज्ड (दुरून केलेला) होतो. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये पल्ला आणि फेक यांवरून जे वाद होतात, त्यांतले बहुतेक इथेच सुटतात. शस्त्राचा प्रकार ही एक गोष्ट, हल्ल्याचा प्रकार ही दुसरी. एखादा नियम यांतल्या कोणत्या गोष्टीबद्दल बोलतो, हे वाचायची सवय लागली की पुस्तक पुन्हा पुन्हा उघडावं लागत नाही.

पुढचं विवेचन मुख्यतः डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीला धरून आहे. २०१४ चे आणि २०२४ चे नियम जिथे वेगळे पडतात तिथे तसं सांगितलं आहे. जुन्या ३.५ आवृत्तीत आणि पाथफाइंडर या दुसऱ्या खेळात काही गोष्टी अगदी उलट आहेत. त्या शेवटाकडे येतील.

आधी अंतर मोजा

पटावरचं एक घर म्हणजे ५ फूट. बहुतेक पात्रांचा रीच, म्हणजे वाराचा पल्ला, ५ फूट असतो, म्हणजे लागून असलेल्या आठही घरांत वार पोचतो. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमात तिरकं घरही ५ फुटांचंच धरतात. त्यामुळे १० फूट रीचचं शस्त्र सगळ्या दिशांना दोन घरं पोचतं, कोपऱ्यातलं दुसरं तिरकं घरसुद्धा त्यात येतं. काही टेबलांवर तिरकी घरं आळीपाळीने ५ आणि १० फूट मोजायचा पर्यायी नियम चालतो. तो घेतलात तर दुसरं तिरकं घर १५ फुटांवर जातं आणि रीचवाल्याच्या हातातून चारही कोपरे निसटतात. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत तिरकी घरं अशीच मोजतात, पण १० फूट रीचला स्पष्ट सवलत आहे: दोन तिरकी घरं पोचतात. तुमच्या टेबलावर पर्यायी मोजणी असेल तर हीच सवलत उचला. नाही तर शत्रू कोपऱ्यातून आत शिरायला शिकतात आणि रीचचं शस्त्र घेणाऱ्यावर अन्याय होतो.

मोठ्या प्राण्याचं अंतर त्याच्या सर्वांत जवळच्या घरापासून मोजा, मिनीच्या (पटावरच्या छोट्या मूर्तीच्या) मध्यापासून नव्हे. आणि आकार मोठा म्हणजे रीच मोठा असं गृहीत धरू नका. पाचव्या आवृत्तीतला ओगर २ × २ घरं अडवतो, पण त्याच्या सोट्याचा रीच ५ फूटच आहे. आकडा प्राण्याच्या स्टॅट ब्लॉकमध्ये (गुणांच्या तक्त्यात) लिहिलेला असतो, तोच खरा. एनलार्ज मंत्राने पात्र मोठं होतं, डॅमेजला (इजेच्या आकड्याला) १डी४, म्हणजे एका चार बाजूंच्या फाशाची भर मिळते, रीच मात्र वाढत नाही.

उंची मोजताना घरं एकावर एक रचलेली आहेत असं समजा. तुम्ही ० ते ५ फुटांच्या घरात उभे आहात आणि शत्रू डोक्यावर १० फूट उंचीवर उडतोय, तर मध्ये एक घर रिकामं आहे. तलवार पोचत नाही, ग्लेव्ह (लांब काठीला पातं, रीच १० फूट) पोचतं.

रीचची शस्त्रं

पाचव्या आवृत्तीत रीच हा गुणधर्म ग्लेव्ह, हॅल्बर्ड, पाइक, लान्स आणि चाबूक या पाचांना आहे. स्पिअरला नाही. भाला म्हटलं की लांब काठी डोळ्यांसमोर येते, म्हणून ही चूक फार होते. स्पिअर ५ फुटांचंच शस्त्र आहे, त्याला थ्रोन गुणधर्म आहे, रीच नाही. ग्लेव्ह, हॅल्बर्ड आणि पाइक तिन्ही १डी१०, जड आणि दोन हातांची. चाबूक १डी४ चाच, पण एका हातात मावतो आणि फिनेस गुणधर्म असल्यामुळे स्ट्रेंग्थऐवजी (ताकद) डेक्स्टेरिटीवरही (चपळाई) चालतो.

रीचमुळे मूळ पल्ल्यात ५ फुटांची भर पडते, जवळचं घर वगळलं जात नाही. लागून उभ्या असलेल्या शत्रूलाही ग्लेव्हने विनादंड मारता येतं. अपवाद एकच, २०१४ चा लान्स: ५ फुटांच्या आतल्या शत्रूवर त्याला डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन डी२० (वीस बाजूंचे फासे) टाकून कमी आकडा घ्यायचा. २०२४ मध्ये तो दंड काढून टाकला.

खेळाडूंना अनपेक्षित वाटणारा भाग अपॉर्च्युनिटी अटॅकचा आहे. शत्रू तुमच्या रीचमधून बाहेर पडतो तेव्हा हा हल्ला मिळतो. रीच १० फूट असेल तर लागून उभा असलेला शत्रू एक घर मागे सरकला तरी तो अजून तुमच्या पल्ल्यातच आहे, म्हणून काहीच घडत नाही. तो तिथून तुमच्याभोवती गोल फिरून मागच्या जादूगाराकडेही जाऊ शकतो. लांब शस्त्राने शत्रूला मोकळीक जास्त मिळते, हे डावपेच आखताना लक्षात हवंच. एक वाट उरते. वाढीव रीच फक्त त्या शस्त्राने मारताना मोजतात, त्यामुळे शत्रू ५ फुटांच्या बाहेर जाताना नुसत्या मुठीने अपॉर्च्युनिटी अटॅक करता येतो. डॅमेज १ अधिक स्ट्रेंग्थ मॉडिफायर (ताकदीच्या गुणातून मिळणारी भर). थोडंच, पण जखमी गोब्लिनला पुरेसं.

पोलआर्म मास्टर फीट (पात्रासाठी निवडायचं खास कौशल्य) हे चित्र पालटतं: शत्रू पल्ल्यात शिरला की हल्ला. सेंटिनेल फीटमध्ये अपॉर्च्युनिटी अटॅक लागला की शत्रूचा वेग शून्य. २०१४ च्या नियमांत दोन्ही एकत्र घेतली तर येणारा शत्रू १० फुटांवरच खिळतो आणि ५ फूट रीचवाल्याला तुमच्यापर्यंत पोचताच येत नाही. २०२४ मध्ये पोलआर्म मास्टरचा हा वार रिॲक्शनने (दुसऱ्याच्या पाळीतही करता येणाऱ्या कृतीने) केलेला साधा मेली हल्ला आहे, त्याला अपॉर्च्युनिटी अटॅक म्हटलेलं नाही, म्हणून सेंटिनेल त्याला लागू होत नाही. जुनं पात्र नव्या नियमांत आणताना ही जोडी आधी तपासा.

रीचवाल्यांचे आणखी दोन तोटे दुर्लक्षित राहतात. प्रोन (आडव्या) पडलेल्या शत्रूवर ५ फुटांच्या आतून ॲडव्हांटेज (दोन डी२० टाकून मोठा आकडा) मिळतो, बाहेरून डिसॲडव्हांटेज. १० फुटांवरून ग्लेव्हने मारताना डिसॲडव्हांटेजच लागतो, हल्ला मेली असला तरी. एक घर पुढे या आणि मग मारा. दुसरं, सोबत्याच्या मागे उभं राहून त्याच्या पलीकडच्या शत्रूला मारताना सोबतीसुद्धा आडोसा ठरतो. शत्रूचं निम्मं अंग झाकलं गेलं तर त्याच्या एसीला (आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा) +२.

फेक: कोणता फासा, कोणता मॉडिफायर

थ्रोन शस्त्रासमोर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ २०/६०. पहिल्या आकड्यापर्यंत साधी फेक, तिथून दुसऱ्यापर्यंत डिसॲडव्हांटेज, त्यापुढे फेकताच येत नाही. खंजीर, छोटी कुऱ्हाड, लाइट हॅमर, स्पिअर, ट्रायडंट आणि डार्ट सगळे २०/६०. जॅव्हलिन तेवढा ३०/१२०.

मेली शस्त्र फेकलं तर हातात धरून मारताना जो मॉडिफायर वापरला असता तोच वापरायचा. जॅव्हलिन आणि कुऱ्हाड स्ट्रेंग्थवर. खंजीर फिनेस आहे, म्हणून स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी, पण रोल आणि डॅमेज दोन्हीला एकच. डार्ट मुळात रेंज्ड शस्त्र आहे, पण त्यालाही फिनेस असल्यामुळे तो स्ट्रेंग्थवरही फेकता येतो.

इथे सुरुवातीचा फरक कामाला येतो. आर्चरी फायटिंग स्टाइलचा +२ रेंज्ड शस्त्रांना आहे: डार्टला मिळतो, फेकलेल्या कुऱ्हाडीला मिळत नाही. रोग (चोरटा लढवय्या) या पात्रवर्गाच्या स्नीक अटॅकला फिनेस किंवा रेंज्ड शस्त्र हवं: फेकलेला खंजीर चालतो, डार्ट चालतो, कुऱ्हाड चालत नाही. ही दोन्ही वाक्यं शस्त्राबद्दल आहेत. बार्बेरियन या पात्रवर्गाच्या रेजचं (आवेशाचं) जादा डॅमेज २०१४ मध्ये स्ट्रेंग्थने केलेल्या मेली हल्ल्याला होतं, म्हणजे फेकलेल्या जॅव्हलिनला नाही. ते वाक्य हल्ल्याबद्दल होतं. २०२४ मध्ये स्ट्रेंग्थने केलेला कुठलाही शस्त्रहल्ला चालतो, त्यामुळे फेकणारा बार्बेरियन आता खरोखर खेळण्याजोगा झाला आहे. हा बदल मनापासून आवडण्यासारखा आहे.

फेक हा रेंज्ड हल्ला असल्याने ५ फुटांच्या आत तुम्हाला पाहू शकणारा, शुद्धीवरचा शत्रू असेल तर डिसॲडव्हांटेज लागतो. निशाणा कुठलाही असो, लागून उभा असलेला शत्रू तुम्हाला अडवतो. मग लागून असलेल्या शत्रूवर खंजीर फेकू नका, खुपसा. २०१४ मधलं जाळं याच नियमाने लंगडं झालं होतं: पल्ला ५/१५, म्हणजे ५ फुटांत शत्रू लागून आणि त्यापुढे लांब पल्ला. दोन्हीकडे डिसॲडव्हांटेज.

थ्रोन गुणधर्म नसलेलं शस्त्र, समजा तलवार, भिरकावलं तर ते इम्प्रोव्हाइज्ड (ऐनवेळचं हत्यार) ठरतं: २०/६० आणि १डी४. तलवारीचा स्वतःचा फासा वापरायचा नाही.

किती न्यायची, कशी काढायची, कुठे पडतात

२०१४ मध्ये टर्नमागे (दर पाळीला) एकच वस्तू फुकट काढता येते. दोन हल्ले असलेल्या फायटरच्या हातात एक जॅव्हलिन आधीच असेल तर दुसरा काढून फेकता येतो, पुढच्या टर्नला मात्र हात रिकामा आणि एकच फेक. या अडचणीमुळे फेकणारी पात्रं मागे पडायची. २०२० मध्ये आलेल्या थ्रोन वेपन फायटिंग स्टाइलने काढणं हल्ल्यातच धरलं आणि डॅमेजला +२ दिला. २०२४ मध्ये काढण्याची सोय थ्रोन गुणधर्मातच आली. २०१४ चे नियम खेळत असाल तर ही एक सवलत टेबलावर सर्वांना देऊन टाका, कशाचाही तोल जात नाही.

संख्या ठरवताना टर्नमागचे हल्ले गुणिले चार फेऱ्या असा हिशोब ठेवा. दोन हल्ले असतील तर आठ जॅव्हलिन, प्रत्येकी २ पौंड, एकूण १६ पौंड.

फेकलेलं शस्त्र कुठे पडतं, याबद्दल पाचवी आवृत्ती काही सांगत नाही. बाणांपैकी निम्मे परत मिळण्याचा नियम दारूगोळ्यासाठी आहे, जॅव्हलिनला तो लावू नका. वापरून पाहण्याजोगा नियम असा: लागलं तर शस्त्र शत्रूच्या घरात, चुकलं तर शत्रूलगतच्या एका घरात, दिशा डी८ ने. त्या घरात गेल्यावर एक शस्त्र फुकट उचलता येईल, त्याच टर्नला दुसरं उचलायला ॲक्शन खर्च होईल.

एक टर्न उलगडून

फायटरच्या हातात ग्लेव्ह, पाठीवर जॅव्हलिन, हल्ले दोन. गोब्लिन अ लागून, गोब्लिन ब दोन घरांवर, तिरंदाज ३० फुटांवर. आधी तिरंदाजावर फेकलं तर अ मुळे डिसॲडव्हांटेज. मागे सरकून फेकायचं म्हटलं तर अ च्या ५ फुटांतून बाहेर पडल्याने त्याला अपॉर्च्युनिटी अटॅक मिळतो. म्हणून पहिला वार ग्लेव्हने अ वर. तो पडला तर ब १० फुटांवर आहे, तो फेकीला अडवत नाही. दोन हातांची अट फक्त ग्लेव्हने मारतानाच असते, तेव्हा एक हात सोडून जॅव्हलिन काढा आणि फेका. ३० फूट म्हणजे साधा पल्ला. मग पुन्हा दोन्ही हातांनी ग्लेव्ह धरा. ब त्याच्या टर्नला जवळ आला तर काही होत नाही, पण दूर पळाला तर १० फुटांच्या सीमेवर ग्लेव्ह त्याला गाठतं.

इतर खेळांत

३.५ आणि पाथफाइंडरच्या पहिल्या आवृत्तीत रीचचं शस्त्र १० फुटांवर मारतं, लागून असलेल्याला मारत नाही. ३.५ मधली स्पाइक्ड चेन हा गाजलेला अपवाद. तिथे धोक्याच्या घरातून बाहेर पडलं की हल्ला होतो, त्यामुळे दुसऱ्या घरातून पहिल्या घरात येणाऱ्यालाही फटका बसतो. शत्रू चिकटलाच तर ५ फुटांचं पाऊल मागे घ्या, त्याला प्रतिहल्ला नसतो, आणि मग सगळे वार करा.

फेकीला या खेळांत दोन आकडे नाहीत, टप्पा आहे. प्रत्येक वाढीव टप्प्याला −२. थ्रोन शस्त्रांची मर्यादा ३.५ मध्ये पाच टप्पे, पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत सहा. जॅव्हलिनचा टप्पा ३० फूट, म्हणून ७० फुटांवर तिसरा टप्पा, −४. रोल डेक्स्टेरिटीवर आणि डॅमेजला स्ट्रेंग्थ, हे पाचव्या आवृत्तीतून येणारे हमखास विसरतात. ३.५ मध्ये सोबती ज्याच्याशी झुंजतोय त्याच्यावर फेकताना आणखी −४.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत शस्त्र काढायला तीनपैकी एक ॲक्शन जाते. म्हणून तिथले फेकणारे रिटर्निंग रून (शस्त्रावर कोरायचं जादूचं चिन्ह) लवकर घेतात: फेक झाली की शस्त्र हातात परत.

गर्प्स या खेळात रीच यार्डांत लिहितात आणि एका हेक्सला (षटकोनी घराला) एक यार्ड. रीचच्या आकड्यापुढे तारा असेल तर एका पकडीतून दुसऱ्या पकडीवर जायला रेडी मॅन्युव्हर (शस्त्र सज्ज करण्याची कृती) खर्च करावा लागतो, म्हणजे शत्रू जवळ शिरला की पकड बदलेपर्यंत एक टर्न हातचा जातो.