कोकण कपिलेच्या कळपात नव्याने काम करणाऱ्यांसाठी

पशुसंवर्धनाची पदविका घेऊन कळपावर रुजू होणाऱ्या बहुतेक मुलामुलींना वाटते की कृत्रिम रेतनाला हात बसला की गायी फळतीलच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कोकण कपिला या देशी गायीच्या कळपांवर काम करताना माझे मत वेगळे झाले आहे. हात सरावाने बसतोच. वर्ष वाया जाते ते कोणाच्या नजरेस न पडलेल्या माजामुळे, म्हणजे गाय फळायला तयार असते तो थोडा काळ हुकल्यामुळे.

कपिला ही लहान चणीची, डोंगरउतारावर चरणारी आणि दूध बेताचेच देणारी गाय. परदेशांत मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या कळपांप्रमाणे येथेही वासरू हेच मुख्य उत्पन्न असते, म्हणून कळपातील गायींमागे दर वर्षी किती वासरे जन्मली आणि जगली, हाच हिशेब आपणही ठेवावा. गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. म्हणजे वर्षाला एक वासरू हवे असेल, तर गाय व्याल्यापासून ८५ दिवसांच्या आत पुन्हा फळली पाहिजे. गर्भाशय पूर्ववत होण्यासाठी त्यातील दीड-दोन महिने सोडले, तर हाताशी जेमतेम एक-दोन माज उरतात. त्यातला एक चुकला की पुढच्यासाठी आणखी २१ दिवस थांबावे लागते. पहिलारू (पहिल्यांदाच व्यालेल्या) गायीला आणि वासरू सतत पीत असलेल्या गायीला माजावर यायला मुळातच उशीर लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

माज साधारण १२ ते १८ तास टिकतो आणि बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे सुरू होतो. म्हणून गुरे चरायला सोडण्यापूर्वी आणि संध्याकाळी परत आल्यावर, दुसरे कोणतेही काम हाती न घेता, अर्धा-अर्धा तास कळपाजवळ नुसते उभे राहावे. दुसरे जनावर अंगावर चढत असताना जी गाय न हलता उभी राहते, ती खात्रीने माजावर आहे. चढणारी गाय असेलच असे नाही. रात्रीचा माज सकाळी अंगावरच्या खुणांवरून कळतो : शेपटीच्या मुळाशी केस विस्कटलेले असतात, दोन्ही कुशींवर पुढच्या पायांनी घासलेले लाल मातीचे पट्टे दिसतात आणि शेपटीला अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा स्वच्छ, चिकट सोट (योनीतून येणारा स्राव) वाळून लागलेला असतो. सोटाऐवजी रक्ताचा अंश दिसला, तर माज एक-दोन दिवसांपूर्वीच होऊन गेला आहे असे समजावे, तारीख लिहावी आणि अठराव्या दिवसापासून त्या गायीवर लक्ष ठेवावे. राखणदाराला रोज न चुकता विचारावे. कोणती गाय आज चरली नाही, कोणती हंबरत राहिली, हे त्याला आपल्याआधी माहीत असते.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. रेतकांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरावी. पाण्याचे तापमान अंदाजाने ठरवू नये, तापमापी वापरावी.

नैसर्गिक पैदास असेल तर २५-३० गायींमागे एक सुदृढ वळू पुरतो. त्याच्या मुली वयात येण्यापूर्वी तो बदललाच पाहिजे. भातकापणीनंतर गावोगावी गुरे मोकाट सोडण्याची रीत असल्याने त्या काळात कालवडी वेगळ्या राखाव्या लागतात. नाहीतर वासराचा बाप कोण, हे कोणालाच सांगता येत नाही. पौष-माघात गायी फळवल्या तर त्या पावसाळा सरताना वितात, आणि ओल्या गोठ्यात वासरांना लागणारी हगवण बरीच टळते.

चैत्र-वैशाखात केवळ भाताच्या पेंढ्यावर राहिलेली, बरगड्या दिसणारी गाय माजावर येत नाही. तिला इंजेक्शन देण्याआधी पेंड, खनिज मिश्रण आणि जंतनाशक द्यावे. गाय उलटली नाही (पुन्हा माजावर आली नाही) म्हणजे गाभण राहिली, हा समज फार महागात पडतो. रेतनानंतर ६० ते ९० दिवसांनी गर्भतपासणी करूनच वहीत ‘गाभण’ असा शेरा मारावा.

शेवटच्या तीन महिन्यांत गाय गाभडली (गर्भपात झाला), तर ब्रुसेला या जिवाणूजन्य रोगाची शंका घेऊन नमुने तपासणीला पाठवावेत. हा रोग माणसालाही होतो. त्यामुळे गाभडलेल्या वासराला किंवा जाराला उघडा हात लावू नये आणि दोन्ही चुना टाकून खोल पुरावेत. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदाच लस टोचून घ्यावी.