घराखालच्या कुजलेल्या तुळया आणि कड्यांची दुरुस्ती

जमिनीपासून थोड्या उंचीवर लाकडी तळ बांधलेल्या घरात पावलाखाली तळाच्या फळ्या लवू लागल्या किंवा दारे चौकटीत अडकू लागली, की कुजलेली तुळई बदलण्याची घाई होते. परंतु ओल कोठून येते हे न शोधता बसवलेले नवे लाकूड काही वर्षांत तसेच कुजते, म्हणून कामाची सुरुवात पाण्यापासून करावी. गळणारा नळ, पन्हाळीचे पाणी पायाशी सोडणारी नळी, घराकडे उतरणारी जमीन आणि उघड्या मातीतून सतत वर येणारी वाफ ही नेहमीची चार कारणे आहेत. माती 0.15 मिलिमीटर जाडीच्या पॉलिथिनने झाकावी, जोडांवर एक तुकडा दुसऱ्यावर 30 सेंटिमीटर चढवावा आणि कडा भिंतीवर वळवून चिकटवाव्यात. केवळ झरोके वाढवून भागत नाही, कारण दमट हवामानात बाहेरची हवाच गार लाकडावर ओल धरते.

खाली उतरण्यापूर्वी त्या भागाची वीज बंद करावी आणि मास्क, हातमोजे व चष्मा घालावा. मग प्रत्येक कडी, म्हणजे फळ्यांखालचे आडवे लाकूड, टोच्याने तपासावी, विशेषतः जेथे ती भिंतीवर किंवा खांबावर टेकते तेथे, कारण कूज बहुधा टोकापासून सुरू होते. टोच्या तिरपा खुपसून उचकटावा: निरोगी लाकडाची लांब, चिवट ढलपी निघते आणि तुटताना कडकड आवाज येतो, कुजलेले लाकूड मात्र रेषेच्या आडवे, आवाज न करता तुटते आणि बोटांत चुरडते. तपकिरी होऊन चौकोनी तडे गेलेले लाकूड वरून जेवढे खराब दिसते, त्याहून आत अधिक कमकुवत असते. मॉइश्चर मीटरवर, म्हणजे लाकडातील ओल मोजणाऱ्या उपकरणावर, 20 टक्क्यांच्या खाली आकडा असेल तर बुरशी वाढत नाही. 28 ते 30 टक्क्यांच्या पुढे गेल्यास ती जोमाने पसरते.

कूज एखाददुसऱ्या कडीपुरती मर्यादित असेल तर ती समजून घेऊन करता येण्यासारखी दुरुस्ती आहे. मुख्य तुळई, खांब किंवा भिंतीखालचा लाकडी पट्टा खराब असेल, तर भाराचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावा. येथे अंदाजाने चालू नये.

भार उचलण्यासाठी जॅकखाली रुंद, सपाट पाया द्यावा आणि दिवसाला सुमारे 3 मिलिमीटरपेक्षा जास्त उचलू नये, नाही तर वरच्या भिंतींना तडे जातात व पाइप ताणले जातात. उचलल्यानंतर लगेच घट्ट टेकू उभारावेत. केवळ जॅकच्या भरवशावर तुळईखाली कोणीही शिरू नये, कारण तेलाची गळती झाली तर तो अचानक खाली बसतो.

कुजलेला भाग कापून काढावा आणि मूळ कडीला त्याच उंचीची, सरळ व वाळलेली नवी कडी लगटून बसवावी. ती निरोगी लाकडावर दोन्ही बाजूंना किमान 90 सेंटिमीटर पुढे गेली पाहिजे, आणि टोकच कुजले असेल तर तिने स्वतः आधारावर टेकले पाहिजे. शक्य असेल तेथे पूर्ण लांबीची कडी घेणे अधिक चांगले. बोल्ट एका रेषेत न घेता वर-खाली आलटूनपालटून, मोठे वॉशर घालून आवळावेत. तांबेयुक्त रसायनाने प्रक्रिया केलेले लाकूड साधे पोलाद गंजवते, म्हणून बोल्ट गरम जस्तलेपित किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेने, पोकळी भरणे मोहक वाटते, पण भार पेलणाऱ्या टोकाला मी ते सुचवणार नाही, कारण सभोवतीची कूज त्याआड लपून राहते.

जुन्या लाकडाला बोरेटचे (कूज रोखणाऱ्या बोरॉनयुक्त क्षाराचे) द्रावण लावावे, ते ओल्या लाकडात आत झिरपते; नव्या लाकडाच्या कापलेल्या टोकांना रक्षक रसायन लावण्यास विसरू नये. वीट किंवा काँक्रीटवर टेकणाऱ्या टोकाखाली ओलरोधक पट्टी ठेवावी, आणि ते टोक भिंतीत शिरत असेल तर बाजूंना साधारण 12 मिलिमीटर हवेची जागा सोडावी.

टेकू हळूहळू काढावेत. इन्सुलेशन किंवा फळ्या लावून तळ बंद करण्याची घाई मात्र करू नये: जोरदार पावसानंतर खाली उतरून मीटर लावावा, आणि सर्व जागी आकडा 20 च्या खाली स्थिर राहिल्यावरच ते काम हाती घ्यावे.