इंग्लंडच्या प्राथमिक शाळेतील आंतरवासिता : सातारा-सांगलीच्या छात्राध्यापकांसाठी

इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षक होण्यासाठी घेतला जाणारा पीजीसीई हा अभ्यासक्रम साधारण एक वर्षाचा असून त्यातील किमान १२० दिवस प्रत्यक्ष शाळेत, तेही किमान दोन वेगवेगळ्या शाळांत, काढावे लागतात. आपल्याकडील बी.एड.ची आंतरवासिता दोन वर्षांत मिळून वीस आठवड्यांची असते, म्हणजे आठवड्यांच्या हिशेबात फार अंतर नाही. तेथे मात्र सारे एका वर्षात दाटीने येते आणि शाळेत पाय ठेवल्यावर शिकून घेऊ म्हणण्याइतकी सवड उरत नाही. म्हणून तयारी येथेच, आपल्या तालुक्याच्या गावी, सुरू करावी. या अभ्यासक्रमाला पदवी लागते, केवळ बारावीनंतरच्या डी.एल.एड.वर प्रवेश मिळत नाही, हेही सुरुवातीसच लक्षात घ्यावे. पुढील माहिती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंड आणि वेल्समधील अभ्यासक्रम व नियम वेगळे आहेत.

कागदपत्रांत सर्वांत जास्त वेळ खातो तो नावांचा घोळ. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे आणि पदवी प्रमाणपत्रावर आडनाव आधी, ही आपल्याकडील अनेक विवाहित स्त्रियांची स्थिती असते. मुलांमध्ये काम करण्यापूर्वी तेथे जी डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी पार्श्वभूमीची, तपासणी होते, तिच्या अर्जात आजवर वापरलेली सर्व नावे आणि गेल्या पाच वर्षांचे सर्व पत्ते तारखांसह द्यावे लागतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि आवश्यक असल्यास राजपत्रातील नावबदलाची प्रत जवळ ठेवावी, आणि 'मु. पो.' पासून सुरू होणारा गावाकडचा पत्ता सगळीकडे एकाच इंग्रजी स्पेलिंगने लिहावा. भारतातील पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र पासपोर्ट सेवेमार्फत मिळते. सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसासाठी मान्यताप्राप्त केंद्रात क्षयरोगाची तपासणी करावी लागते. बाकी यादी विद्यापीठ पाठवतेच.

खरी मेहनत घ्यावी लागते ती उच्चारांवर, आणि आपल्या बाजूचे उमेदवार नेमके येथेच बेसावध असतात. तेथील लहान मुलांना वाचन शिकवण्याची सरकारमान्य पद्धत सिंथेटिक फोनिक्सची आहे, म्हणजे आधी सुटे ध्वनी शिकवायचे आणि मग ते जोडून शब्द वाचायला लावायचे. पहिलीच्या, तेथील भाषेत इयर वनच्या, शेवटी प्रत्येक मुलाची ध्वनिवाचनाची चाचणी होते. तिच्यात ४० शब्द असतात. त्यांपैकी २० खरे आणि २० निरर्थक असतात, जेणेकरून मूल शब्द पाठ करून वाचते की ध्वनी जोडून वाचते हे कळावे. आता आपल्या देवनागरीत प्रत्येक व्यंजनात 'अ' दडलेला असतो. आपण 'म' म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात 'म् + अ' म्हणत असतो, आणि तीच सवय घेऊन इंग्रजी ध्वनी शिकवले की 'स-अॅ-ट' ऐकून मूल 'सअॅट' असे काहीतरी जोडते. 'सॅट' त्याच्या हाती लागत नाही. म्हणून प्रत्येक व्यंजन पाय मोडून, म्हणजे 'स्', 'म्', 'न्' असे लांबवत किंवा 'प्', 'ट्' असे झटक्यात तोडून म्हणण्याचा सराव करावा. हलन्ताचे चिन्ह आपल्याला ठाऊक असल्याने हा मुद्दा मराठी माणसाला दोन मिनिटांत समजतो. जिभेला समजायला मात्र दोन महिने लागतात.

'व' या अक्षराने आणखी एक अडचण येते. आपला एकच 'व' इंग्रजीतील दोन ध्वनींची कामे करतो, त्यामुळे बंडी या अर्थाचा 'व्हेस्ट' आणि पश्चिम या अर्थाचा 'वेस्ट' आपल्या तोंडून एकसारखेच बाहेर पडतात. एका ध्वनीसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवावे लागतात आणि दुसऱ्यासाठी दातांना न लागू देता ओठांचा चंबू करावा लागतो. तसेच 'थ्री' म्हणताना आपला 'थ' चालत नाही, जिभेचे टोक दातांमध्ये येऊन हवा घासत बाहेर पडावी लागते. बहुतेक योजनांत स्, अॅ, ट्, प्, इ, न् हे सहा ध्वनी आधी येतात. आरशासमोर उभे राहून त्यांच्यापासूनच सुरुवात करावी आणि स्वतःचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावा. बोलण्याची आपली ढब बदलण्याची कोणतीही गरज नाही. मराठी वळणाचे इंग्रजी मुले चार दिवसांत आपलेसे करतात. फोनिक्सच्या वीस मिनिटांपुरते ध्वनी शुद्ध हवेत, इतकेच.

गणितात आपली बाजू भक्कम असते, तरी एक सावधगिरी लागते. इयर फोरच्या मुलांची जून महिन्यात संगणकावर पाढ्यांची चाचणी होते: बारापर्यंतच्या पाढ्यांवर २५ प्रश्न आणि प्रत्येक उत्तराला सहा सेकंद. पाढे ओळीने म्हणणारे मूल येथे अडते, कारण प्रश्न उड्या मारत येतात; तेव्हा आपल्या गुरुजींनी अधूनमधून 'सात आठे?' असे मध्येच विचारण्याची जी रीत ठेवली होती, ती बरोबर न्यावी. वजाबाकी शिकवताना मात्र 'उसने घेणे' हा शब्दप्रयोग भाषांतर करून वापरू नये. तेथे दहाची एक कांडी देऊन दहा सुटे घेण्याला 'एक्सचेंज' म्हणतात, आणि ज्याने आपल्या शाळेत दशकाचे गठ्ठे व सुटे हाताळले आहेत त्याला त्यात नवे काहीच वाटणार नाही. इंग्रजी मुले सतरा ऐकून ७१ लिहितात, कारण 'सेव्हन्टीन'मध्ये सात आधी ऐकू येतो. आपल्या मुलांना ही कसरत 'एकवीस', 'बावीस' पासून नव्व्याण्णवपर्यंत करावी लागते, आणि २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी मांडणी आली तेव्हा जो वाद झाला त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती. या चुकीचे कारण मेंटॉरला, म्हणजे मार्गदर्शक शिक्षकाला, समजावून सांगता आले तर तुमच्याविषयीचे मत पहिल्याच आठवड्यात चांगले होते.

निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन जवळच्या जिल्हा परिषद शाळेत निदान पंधरा दिवस बसावे, आणि शक्य असल्यास शाळा थोडी अवघड निवडावी. पाटण किंवा जावळीच्या डोंगरातील द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता कशा सांभाळतात, कारखान्यांच्या हंगामात कराड-वाळव्याकडे येणाऱ्या ऊसतोड मजुरांची मुले वर्षाच्या मध्यात वर्गात आल्यावर काय केले जाते, जत तालुक्यात घरी कन्नड बोलणारे मूल मराठी वर्गात कसे रुळते, हे पाहून तारखेनिशी लिहून ठेवावे. घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी तेथे 'ईएएल' असा स्वतंत्र विचार होतो आणि मुलाखतीत त्यावर हमखास विचारतात. पुस्तकी उत्तरापेक्षा जतच्या एका मुलाचे तीन आठवड्यांचे निरीक्षण, मुलाचे नाव न घेता, सांगणे कितीतरी वजनदार ठरते.

शाळेत गेल्यावर पहिला आठवडा बहुधा केवळ निरीक्षणाचा असतो. त्या काळात शिक्षकाकडे बघत बसण्यापेक्षा तीन मुले मनाशी निवडावीत, एक पुढे धावणारे, एक मागे राहणारे आणि एक गप्प, आणि दर दहा मिनिटांनी ती काय करत आहेत ते टिपावे. लहान वर्गांत मुले गालिच्यावर बसतात, शिक्षक खुर्चीवर बसतो, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अडगळीत गेलेली पाटी तेथे पांढरी होऊन टिकली आहे. प्रत्येक मूल छोट्या पांढऱ्या फलकावर उत्तर लिहून वर धरते आणि शिक्षकाला एका नजरेत वर्गाचा अंदाज येतो. पाच ते सात वयोगटाच्या वर्गात कायद्याने एका शिक्षकामागे ३० मुलांची मर्यादा आहे. सोबत टीचिंग असिस्टंट असते, आणि आपल्या छात्राध्यापकांची मोठी फजिती तिच्यामुळे होते, कारण आपल्या पाठ टाचणात दुसऱ्या मोठ्या माणसासाठी रकानाच नसतो. प्रत्येक टप्प्यावर ती कोणत्या मुलांजवळ बसेल, काय विचारेल आणि काय नोंदवील, हे टाचणात लिहून आदल्या दिवशीच तिच्या हाती द्यावे. ती त्या वर्गात बहुधा तुमच्या मेंटॉरपेक्षाही जुनी असते.

मेंटॉरचा अभिप्राय ऐकण्याचीही एक रीत आहे. आपल्याकडे पाठ निरीक्षणानंतर 'फळालेखन सुधारा' असे रोखठोक ऐकायला मिळते. तेथे तीच सूचना 'कदाचित याचा विचार करून पाहता येईल' अशा मऊ शब्दांत येते. माझ्या पहिल्या शाळेत अशी एक सूचना मी ऐच्छिक समजून सोडून दिली आणि दोन आठवड्यांनी लेखी अहवालात ती 'अद्याप अंमलात आणलेली नाही' अशी वाचायला मिळाली. तेव्हापासून बैठक संपताना तीन गोष्टी स्वतःच्या शब्दांत वाचून दाखवायच्या आणि 'पुढच्या पाठात यांपैकी कोणती दिसायला हवी?' असे विचारायचे, हा नियम मी केला. अंतिम मूल्यमापन आठ शिक्षक-मानकांवर होत असल्याने प्रत्येक सूचनेपुढे तिच्या मानकाचा क्रमांकही टाकून ठेवावा.

बालसुरक्षेच्या बाबतीत मात्र कोणतीही सैल समजूत चालत नाही. रुजू होण्यापूर्वी 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन' या शासकीय मार्गदर्शिकेचा पहिला भाग वाचावा लागतो आणि पहिल्याच दिवशी शाळेतील बालसुरक्षा प्रमुख कोण आहे हे विचारून घ्यावे लागते. एखादे मूल जवळ येऊन घरातले काही सांगू लागले, तर आपल्या तोंडी चटकन येणारे 'कुणाला सांगणार नाही हं' हे वाक्य कदापि उच्चारू नये. शांतपणे ऐकावे, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत, मुलाचे शब्द जसेच्या तसे वेळेसह लिहावेत आणि त्याच दिवशी प्रमुखाच्या कानावर घालावे. स्वतःच्या मोबाइलवर मुलांचे छायाचित्र काढू नये, मग गावाकडच्या मंडळींनी व्हॉट्सअॅपवर कितीही आग्रह धरला तरी. गालगुच्चा घेणे, मांडीवर बसवणे हे आपल्याकडचे मायेचे प्रकारही तेथे टाळावेत.

मधल्या सुट्टीचा विषय लहान वाटला तरी अनेक जण येथेच चुकतात. रिसेप्शन (इयर वनच्या आधीचा वर्ग), इयर वन आणि इयर टू या वर्गांतील सर्व मुलांना २०१४ पासून मोफत जेवण मिळते, त्यामुळे शालेय पोषण आहाराची सवय असलेल्याला ते दृश्य परके वाटत नाही. परंतु अनेक शाळांत शेंगदाण्याला पूर्ण बंदी असते, आणि तेथील कायद्याने ठरवलेल्या चौदा अॅलर्जीकारक पदार्थांत तीळही येतो. संक्रांतीला मोठ्या हौसेने तिळगूळ किंवा शेंगदाण्याची चिक्की घेऊन वर्गात जाणे ही म्हणून गंभीर चूक ठरू शकते.

गावाची ओळख करून द्यायची असेल, तर सांगलीची हळद न्यावी. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही हळद इयर फाइव्हच्या 'पदार्थांचे गुणधर्म व बदल' या घटकात चपखल बसते. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला की तो तांबडा होतो आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. पाकीटबंद हळद घ्यावी, धोक्यांचा लेखी आढावा मेंटॉरकडून आधी मंजूर करून घ्यावा, लिंबू मुलांच्या डोळ्यांत जाणार नाही अशी व्यवस्था करावी, टेबलांवर जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत, आणि प्रयोग सुरू होण्यापूर्वी गालिच्याचा कोपरा झाकायला विसरू नये, कारण तो डाग पुढच्या छात्राध्यापकाच्या वेळीही तेथेच असतो.