किनाऱ्याजवळचं पाणी सॅटेलाइटवरून बघायचं तर आधी क्लोरोफिल लावू नका

सॅटेलाइट इमेज दाखवणाऱ्या नासाचं वर्ल्डव्ह्यू आणि युरोपचं कोपर्निकस ब्राउझर या दोन्ही वेबसाइट फुकट आहेत, काही इन्स्टॉलही करावं लागत नाही. सुरुवात वर्ल्डव्ह्यूने करा, त्यात रोजची इमेज मिळते.

हवा तो किनारा झूम करा आणि आधी खऱ्या रंगाची इमेज लावा. बरेच जण थेट क्लोरोफिलचा, म्हणजे शैवालातल्या हिरव्या रंगद्रव्याचा लेयर लावतात, लाल पट्टा (म्हणजे जास्त क्लोरोफिल) दिसला की शैवाल वाढलं म्हणून मोकळे. पण सॅटेलाइट क्लोरोफिल थेट मोजत नाही ना, पाण्यातून परत येणारा निळा आणि हिरवा प्रकाश किती यावरून ते काढलं जातं, खोल समुद्रात हे बऱ्यापैकी जमतं पण किनाऱ्याला नदीचा गाळ असतो, कुजलेल्या पाल्याचा पिवळट रंग पाण्यात उतरलेला असतो, उथळ जागी तर तळच दिसतो, आणि या सगळ्याने आकडा फुगतो. म्हणून तीच तारीख खऱ्या रंगात बघा. नदीच्या मुखातून पंख्यासारखं तपकिरी पाणी पसरलंय? मग बहुतेक गाळच. हिरवट पट्टा मुखापासून लांब, प्रवाहाबरोबर वळत गेलेला असेल तर शैवालाची शंका घ्यायला जागा आहे.

मग पाण्याच्या तापमानाचा लेयर लावा. किनाऱ्याला चिकटून थंड पट्टा दिसला आणि वारा काही दिवस किनाऱ्याला समांतर वाहत असेल तर खालचं थंड पाणी वर येत असू शकतं, त्यासोबत पोषकद्रव्यं येतात आणि क्लोरोफिल काही दिवसांनी वाढतं. त्यामुळे एका दिवसाची इमेज बघून थांबू नका, तारीख एकेक दिवस पुढे सरकवत आठ-दहा दिवस बघा, खरी मजा तिथेच आहे!

तापमान बऱ्याचदा इन्फ्रारेडने मोजतात आणि ढगांखालचं इन्फ्रारेडला दिसत नाही. म्यूर (MUR) सारख्या, अनेक सॅटेलाइटचा डेटा एकत्र करून बनवलेल्या तापमानाच्या लेयरमध्ये ढग असूनही भोकं दिसत नाहीत, कारण ती जागा इतर डेटावरून अंदाजाने भरलेली असते, तिथल्या एखाद्या पिक्सेलवर भरवसा नको. पाण्यावर चंदेरी चकाकी दिसली तर लगेच तेल समजू नका, बऱ्याचदा तो नुसता सूर्याचा परावर्तित प्रकाश असतो.

मोडिस (MODIS) या नासाच्या सॅटेलाइटवरच्या सेन्सरचा क्लोरोफिलचा पिक्सेल साधारण 1 किमीचा, खाडी त्यात हरवते. तिथे कोपर्निकसवर सेंटिनेल-2 या युरोपच्या सॅटेलाइटची इमेज उघडा, 10 मीटरपर्यंत दिसतं पण इमेज साधारण 5 दिवसांनी येते. सेंटिनेल-3 या दोघांच्या मधलं, त्यात पिक्सेल 300 मीटरचा.

आणि शैवाल विषारी आहे का हे रंगावरून ठरत नाही, त्यासाठी पाण्याचा नमुना लॅबमध्ये तपासायलाच लागतो. नमुना नेमका कुठून घ्यायचा हे मात्र या इमेज छान सांगतात.