होजिअरी कापड किती ताणेल: पाण्याच्या बाटलीने मोजा आणि गणित मांडा

होजिअरी कापड आधी सहज ताणतं आणि मग एकाएकी अडतं. सुरुवातीला सूत लांबत नसतं. विणीतले फासे आकार बदलतात, सूत एका फाशातून दुसऱ्यात सरकतं. ही मोकळीक संपली की ओढ थेट सुतावर येते. म्हणून 'हे कापड ३० टक्के ताणतं' एवढ्यावर झबल्याचा गळा बेतू नका. किती वजनाला किती, हे कळायला हवं.

कापड धुऊन, न लटकवता सावलीत पसरून वाळवा. मग ३० सेंमी लांब, ५ सेंमी रुंद अशा तीन पट्ट्या उभ्या आणि तीन आडव्या कापा. साधी जर्सी, म्हणजे टी-शर्टची नेहमीची वीण, आडवी बरीच जास्त ताणते, त्यामुळे दोन्हींचं गणित वेगळं ठेवा. पट्टीच्या मधोमध १० सेंमी अंतरावर दोन खुणा करा. टोकांजवळ नको, तिथे पकडीमुळे कापड रुंदीत आकसू शकत नाही.

प्रत्येक टोक बांबूच्या दोन कामट्यांत धरून क्लिपांनी आवळा. वरचं टोक आढ्याला बांधा, खालच्याला बाटली. १०० मिली पाणी म्हणजे १०० ग्रॅम. रिकामी बाटली, खालच्या कामट्या आणि क्लिपा किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून त्यात मिळवा. कुलर बंदच ठेवा. झोताने पट्टी हलते आणि ओलाव्याने सुती कापड वेगळं वागतं. त्याच कारणाने मे महिन्यातल्या आणि श्रावणातल्या नोंदी एकत्र करू नका.

सगळ्यात मोठं वजन आधी तीनदा लावून काढा, म्हणजे सरकायचं ते सूत सरकून बसेल. आता खुणांमधलं अंतर पुन्हा मोजा, १०.४ भरलं तर मूळ लांबी तीच धरा. मग दर वेळी १०० मिली पाणी वाढवा, एक मिनिट थांबा, नोंद करा. थांबायचं अशासाठी की वजन स्थिर असूनही कापड हळूहळू लांबत राहतं.

सूत्र: वजन = क × (ई^(ख × वाढ) − १). वाढ म्हणजे वाढलेली लांबी भागिले मूळ लांबी. ई म्हणजे २.७१८ हा ठरलेला आकडा, ^ म्हणजे घात; क आणि ख हे त्या कापडाचे आकडे. क आणि ख काढायला नोंदींचा आलेख काढून, एक वाढ आणि तिच्या दुप्पट वाढ यांची वजनं वाचा. समजा ०.२० ला १०० ग्रॅम, ०.४० ला ५०० ग्रॅम. गुणोत्तर ५. त्यातून १ वजा केल्यास ४. ४ चा नैसर्गिक लॉगॅरिदम (कॅल्क्युलेटरवरचं ln बटण) १.३८६, भागिले ०.२० म्हणजे ख = ६.९३. क = १०० ÷ (५ − २) = ३३.३. आता ०.३० ला सुमारे २३३ ग्रॅम यायला हवेत. आलेखात तेवढेच दिसतात का, हे तपासल्याशिवाय सूत्र वापरू नका.

गुणोत्तर २ किंवा कमी आलं तर बहुधा पट्टी क्लिपेतून निसटते आहे. कामट्यांच्या आत सँडपेपर लावा आणि पुन्हा मोजा.

वजन उतरवतानाही नोंदी घ्या. फाशांच्या घर्षणामुळे त्याच वजनाला लांबी जास्त दिसेल. डोक्यातून घालताना लागणारी ओढ चढत्या नोंदींतून काढा, अंगावर बसल्यावरचा घट्टपणा उतरत्या नोंदींतून. पट्टी ५ सेंमीची होती. ८ सेंमी रुंदीच्या कापडाला वजन ८/५ ने गुणा.